मुंबई महापालिकेची १९५७ ची निवडणूक आणि आपला समाज



आज आपण महापालिकेला हक्काने मत टाकतो. पण १९२२ साली मतदार व्हायला महिना १० रुपये भाडं भरणारा माणूस लागे. पुढे ते ५ रुपयांवर आलं. चाळीतल्या एका खोलीत दहा-दहा गिरणी कामगार राहायचे, पावती एकाच्या नावावर! मग बाकीच्यांनी काय करायचं? सर्व प्रौढांना मत मिळालं ते १९४८ च्या निवडणुकीत.

१९५७ ची निवडणूक मात्र वेगळीच. १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा, ६ डिसेंबरला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण. समाज पोरका झालेला, आणि दारात निवडणुका. शेड्युल्ड कास्ट फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील होतं. काहीजण विचारतात, बाबासाहेबांनी तर १९५५ च्या पुस्तकात मराठी मुलुखाची चार राज्यं सुचवली होती, मग समितीत कसे? माझ्या मते उत्तर सरळ आहे. मुंबई मराठी माणसाचीच, हे त्यांनी कधी सोडलं नव्हतं.

लोकसभेला मध्य मुंबईतून कॉम्रेड डांगे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गो. का. माने असे दोघे निवडून आले. मग महापालिकेतही समितीची सत्ता आली. आचार्य दोंदे महापौर झाले, १९५८ ला कॉम्रेड मिरजकर आणि १९५९ ला आपले पु. टी. बोराळे.

हे मिरजकर १९२८ च्या गिरणी संपातले पुढारी. मी साच्यावर उभा राहिलेला माणूस, म्हणून सांगतो. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळ होईल म्हणून आपल्या माणसाला कापडखात्यात घेत नसत, आणि पगार मात्र तिथेच जास्त! ही बंदी उठवा, असं बाबासाहेबांनी त्या संपाच्या पुढाऱ्यांना ठणकावलं होतं. ती मागणी त्यांनी घेतली, पण नाखुषीनेच.

त्यानंतर एकतीस वर्षांनी, मिरजकरांनी सोडलेल्या खुर्चीवर बोराळेसाहेब बसले. मुंबईचे पहिले दलित महापौर! खरा कारभार आयुक्ताच्या हाती, महापौराची मुदत तेव्हा अवघी एक वर्ष, हे मान्य. पण सभागृहात ते आले की शेटजी-भटजींसकट सगळ्यांना उभं राहावं लागे.