छताचा जुना वॉलपेपर वाफेने काढताना: भाजणे, पडणे आणि बुरशीपासून बचाव

पावसाळा सरला की कोल्हापुरातल्या अनेक घरांत एकच विषय निघतो: टेरेसचा स्लॅब गळला, छताला ओल आली, वॉलपेपर फुगला, त्यामागे काळे डाग पडले. नदीकाठच्या वस्त्यांत पुराची भर पडते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोका पातळी बरीच ओलांडली होती आणि अनेक घरांचे तळमजले पाण्याखाली गेले होते. मग दसरा-दिवाळीआधी रंगकाम निघते आणि जुना कागद उतरवायचे ठरते.

या कामासाठी वाफेचे यंत्र ऑनलाइन किंवा भाड्याने मिळते. यंत्र उपयोगी आहे. पण भिंतीवर वापरणे वेगळे आणि डोक्यावरच्या छतावर वापरणे वेगळे. छताचे काम करताना वाफ, गरम पाणी, ओला चुना आणि बुरशी, सगळे तुमच्या तोंडावरच येते. त्यामुळे काम सुरू करण्याआधी हा लेख घरातल्या सर्वांनी वाचावा.

हे यंत्र काम कसे करते?

एका टाकीत काही लिटर पाणी असते. विजेवर ते उकळते आणि वाफ नळीतून एका चपट्या प्लेटमध्ये येते. ती प्लेट कागदावर टेकवून धरली की वाफ कागदात शिरते, खळ मऊ होते आणि कागद पत्र्याने खरवडून निघतो. कागदावर प्लास्टिकचा थर असेल तर तो आधी सोलावा लागतो किंवा त्यावर चरे पाडावे लागतात. नाहीतर वाफ आत जात नाही आणि माणूस प्लेट एकाच जागी बराच वेळ धरून ठेवतो. बरेच अपघात इथूनच सुरू होतात.

वाफेने जास्त का भाजते?

"नुसती वाफ लागली" असे आपण सहज म्हणतो. पण एक ग्रॅम वाफेचे त्वचेवर पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. (या आहारातल्या नव्हेत, उष्णता मोजायच्या छोट्या कॅलरी.) तेवढेच उकळते पाणी त्वचेच्या तापमानापर्यंत थंड होताना जेमतेम ६५ कॅलरी देते. म्हणजे वजनाला वजन धरले तर वाफ कितीतरी पट जास्त उष्णता सोडते.

दुसरा धोका ठिबकणाऱ्या पाण्याचा. प्लेटच्या कडेने पाणी गळते आणि हात वर असल्यामुळे ते मनगटावरून बाहीत, कोपरापर्यंत आणि काखेत जाते. कापड ते धरून ठेवते, म्हणून भाजणे वाढत जाते. ६० अंश सेल्सियसच्या पाण्यानेसुद्धा मोठ्या माणसाला सुमारे पाच सेकंदांत खोल भाजू शकते. लहान मुलांची आणि वृद्धांची त्वचा पातळ असते, त्यांना त्याहूनही कमी वेळ पुरतो.

हे काम कोणी करू नये?

पुढील व्यक्तींनी हे काम स्वतः करू नये. शक्यतो त्या खोलीत थांबूही नये:

- दमा, सीओपीडी किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेले
- किमोथेरपी सुरू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे
- गर्भवती महिला आणि लहान मुले
- साखर नियंत्रणात नसलेले मधुमेही. हातापायांची संवेदना कमी झाली असेल तर चटका बसल्याचेही कळत नाही
- फिट येणारे, चक्कर येणारे किंवा झोपेची औषधे घेणारे
- रक्त पातळ करणारी औषधे घेणारे; शिडीवरून पडल्यास डोक्यात रक्तस्राव होण्याचा धोका त्यांना जास्त असतो

मान मागे टाकून बराच वेळ वर पाहिल्याने काहींना अचानक गरगरते. जमिनीवर असताना ते निभावते, शिडीवर नाही. "दोन मिनिटांचे काम आहे, मीच करतो" असे घरातले आजोबा म्हणत असतील तर त्यांना खालीच बसवा.

काम सुरू करण्याआधी

१. गळती आधी बंद करा. वरून पाणी येत असेल तर कागद काढून उपयोग नाही, बुरशी पुन्हा येईल.

२. छत कशाचे आहे ते पाहा. पीओपी किंवा जिप्समच्या छताला वाफ मानवत नाही. ते पाणी शोषते, जड होते आणि त्याचा तुकडा डोक्यावर पडू शकतो. अशा छतासाठी हे यंत्र टाळा. सिमेंटचा जुना पत्रा असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. तो खरवडू नका, घासू नका, फोडू नका.

३. वीज तपासून घ्या. भिजलेल्या घरातले वायरिंग वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय यंत्र लावू नका. छतातला पंखा, दिवा आणि त्यांच्या वायरी याच वाफेच्या वाटेत असतात, म्हणून त्या खोलीचा दिव्या-पंख्यांचा सर्किट बंद ठेवा. यंत्र साधारण २००० वॅटचे असेल तर त्याला सुमारे ९ अँपिअर वीज लागते. ते साध्या छोट्या सॉकेटला किंवा स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डला लावू नका. अर्थिंग असलेला मोठा सॉकेट हवा, तोही ओल नसलेल्या खोलीतला. घरात ईएलसीबी किंवा आरसीसीबी असणे उत्तम.

४. जुन्या रंगाचा विचार करा. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. कागदाखालचा रंग कोरडाच पॉलिश पेपरने घासला तर ती धूळ श्वासातून आणि हातातोंडातून शरीरात जाते. मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसे घातक असते. म्हणून ओले ठेवूनच खरवडा, झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा आणि कामाचे कपडे वेगळे धुवा.

काम करताना

- दोघे असा. एक वर, एक खाली. खालच्याने शिडी धरायची आणि स्विच सांभाळायचा.
- स्टूल, खुर्ची, चौरंग किंवा पिंपावर चढू नका. पाय पक्के टेकणारी शिडी किंवा रंगाऱ्याची घोडी वापरा. ओली फरशी पुसत राहा.
- प्लेट डोक्याच्या बरोबर वर धरू नका. थोडी पुढे, हाताच्या अंतरावर धरा आणि खरवडलेल्या भागाखाली उभे राहू नका.
- डोळ्यांना बंद गॉगल लावा. नुसता चष्मा पुरत नाही.
- पाणी आत न शिरणारे लांब रबरी हातमोजे घाला आणि त्यांची कड बाहेरच्या बाजूला दुमडा. ठिबकणारे पाणी त्या घडीत साठते, बाहीत जात नाही. सुती मोजे गरम पाणी धरून ठेवतात, ते नकोत.
- बुरशी दिसत असेल तर एन-९५ मास्क घाला. वाफेने तो ओला झाला की बदला.
- खिडक्या उघड्या ठेवा आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी खाली उतरून पाणी प्या. बंद खोलीत उष्णता आणि दमटपणा वाढून घेरी येऊ शकते.
- टाकीत पाणी भरण्याआधी यंत्र बंद करा, प्लग काढा आणि ते पूर्ण थंड होऊ द्या. गरम टाकीचे झाकण उघडले की वाफेचा झोत थेट तोंडावर येतो.

प्रेशर कुकरला नळी जोडून घरी यंत्र बनवू नका. नळीत कागदाचा तुकडा किंवा गुठळी अडकली की दाब वाढतो, नळी निसटते आणि झोत अंगावर येतो.

वाफेशिवाय काढता येतो का?

बऱ्याचदा येतो. वरचा प्लास्टिकचा थर सोला, खालच्या कागदावर स्प्रेने कोमट पाणी मारा, दहा-पंधरा मिनिटे मुरू द्या आणि मग खरवडा. वेळ जास्त जातो, पण भाजण्याचा धोका जवळजवळ राहत नाही. घरात आजारी माणूस असेल तर हाच मार्ग आधी वापरून पाहा.

काळी बुरशी म्हणजे म्युकरमायकोसिस का?

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत "काळी बुरशी" हा शब्द घराघरांत पोहोचला, म्हणून भिंतीवरचा काळा डाग दिसला की लोक घाबरतात. तो डाग म्हणजे म्युकरमायकोसिस नव्हे. ओल्या भिंतीवर वाढणाऱ्या बुरशीचे अनेक प्रकार असतात आणि निरोगी माणसाला त्यांचा त्रास बहुधा शिंका, खोकला, डोळ्यांची खाज किंवा दमा वाढणे एवढाच होतो. मात्र प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या रुग्णांना काही बुरशींमुळे फुप्फुसाचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. म्हणून त्यांनी काम संपून खोली पूर्ण सुकेपर्यंत तिथे जाऊ नये.

वाफेने बुरशी कायमची मरते हाही गैरसमज आहे. उलट, वाफेमुळे छत आणखी ओले होते. कागद निघाल्यावर पंखे लावून, खिडक्या उघडून ते नीट सुकवा आणि मगच लांबी भरा. बुरशी पुसायला ब्लीच वापरणार असाल तर त्यात अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

भाजले तर लगेच काय करावे?

१. यंत्र बंद करा आणि माणसाला वाफेपासून दूर न्या. विजेचा धक्का बसला असेल तर आधी मेन स्विच बंद करा, मगच हात लावा.

२. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या, साध्या थंड पाण्याखाली पूर्ण २० मिनिटे धरा. घड्याळ लावा. उशीर झाला असला तरी पहिल्या तीन तासांत याचा उपयोग होतो.

३. त्याच वेळी ओले कपडे, अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा. सूज आल्यावर ते निघत नाहीत. कापड त्वचेला चिकटले असेल तर ओढू नका.

४. लहान मूल असेल तर फक्त भाजलेल्या भागावर पाणी घाला आणि बाकीचे अंग कोरड्या कपड्याने झाकून ऊबदार ठेवा.

५. नंतर स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडाने किंवा अन्न झाकायच्या पारदर्शक प्लास्टिक फिल्मने सैलसर झाका. फिल्म गुंडाळून आवळू नका.

६. डोळ्यात गरम पाणी किंवा चुना गेला असेल तर पापण्या उघड्या धरून किमान २० मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा आणि थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा.

हे लावू नका: टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, तेल, बटाट्याचा कीस, अंडे, बर्फ. यांमुळे उष्णता आत अडकते, जंतुसंसर्ग होतो किंवा त्वचेला आणखी इजा होते. शिवाय जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही. फोड फोडू नका.

रुग्णालयात कधी जावे?

खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर घरी वाट पाहू नका:

- भाजलेला भाग रुग्णाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा (बोटांसह) मोठा आहे. हा तळहात म्हणजे शरीराचा सुमारे १ टक्का भाग
- चेहरा, डोळे, मान, हात, पाय, सांधा किंवा जननेंद्रियाजवळ भाजले आहे
- त्वचा पांढरी, तपकिरी किंवा चामड्यासारखी झाली आहे. तिथे दुखत नसेल तर ते चांगले लक्षण नाही, खोल भाजल्याने नसा बधिर होतात
- रुग्ण लहान मूल, वृद्ध, गर्भवती किंवा मधुमेही आहे
- वाफ श्वासात गेल्यानंतर आवाज घोगरा झाला, गिळताना त्रास होतो किंवा श्वासाला आवाज येतो. घशाला सूज वाढून श्वास अडू शकतो
- शिडीवरून पडून डोक्याला मार लागला आणि उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा हातापायात अशक्तपणा आहे
- रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे आणि डोके आपटले आहे, मग रुग्णाला अगदी बरे वाटत असले तरी
- विजेचा धक्का बसला आहे

रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा. कोल्हापूर शहरात सीपीआर म्हणजेच छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे मोठे सरकारी रुग्णालय आहे. जाताना रुग्णाच्या चालू औषधांची यादी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ती माहिती सोबत ठेवा.

नंतरच्या दिवसांत

छोटी, वरवरची जखम साधारण एक ते दोन आठवड्यांत भरते. लाली पसरत गेली, पू किंवा दुर्गंध आला, ताप आला किंवा दोन आठवड्यांतही जखम भरली नाही तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा. भरलेल्या त्वचेला काही महिने उन्हापासून जपा, नाहीतर काळा डाग राहतो.

कामानंतर खोकला किंवा दम लागणे दोन-तीन दिवसांत कमी झाले नाही तर डॉक्टरांना "छताचा बुरशी लागलेला कागद काढला होता" हे आवर्जून सांगा. ही एक गोष्ट कळली तर निदान लवकर होते.

सणाआधी घर स्वच्छ व्हावे ही इच्छा योग्यच आहे. पण छताचे काम घाईचे नाही. आठ दिवस उशीर झाला, किंवा अनुभवी रंगाऱ्याला दोन पैसे जास्त द्यावे लागले, तरी भाजलेला हात घेऊन दिवाळी काढण्यापेक्षा ते परवडते.

*हा लेख सामान्य माहितीसाठी आहे. तुमच्या तब्येतीविषयीचे निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.*