संगणक का रखडतो? स्मृतीच्या टंचाईचा इतिहास

भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीसारख्या गावात शाळेला बहुधा एखादाच चालता लॅपटॉप असतो. तो रखडू लागला, की 'यूडायस'ची माहिती भरण्यातच दुपार जाते आणि विद्यार्थ्यांचा हात यंत्राला लागत नाही. मग 'यंत्र म्हातारे झाले' असे म्हणून ते कपाटात जाते. परंतु संगणकातील चिप बैलासारखी थकत नाही. विकत घेतली तेव्हा ती जितक्या वेगाने आकडेमोड करीत होती, जवळपास तितक्याच वेगाने ती आजही करू शकते. मग वेळ जातो कुठे? त्याचे उत्तर सापडण्यासाठी आपण थोडे मागे जाऊ.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक संगणक बांधला. तो १९६० मध्ये पूर्णपणे कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्याच्या स्मृतीत, म्हणजे मेमरीत, ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. आजच्या मापाने ही झाली अवघी १० किलोबाइट. मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्रालाही याच्या शेकडो पट जागा लागते. त्या काळी काम स्मृतीत मावले नाही, तर त्याचे तुकडे पाडून एकेक तुकडा आत-बाहेर करण्याची आखणी माणसालाच करावी लागे.

ही कटकट यंत्रावरच सोपवण्याची युक्ती इंग्लंडमध्ये निघाली. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या 'ॲटलास' संगणकाचे उद्घाटन डिसेंबर १९६२ मध्ये झाले. त्याच्या वेगवान स्मृतीत सुमारे १६ हजार शब्द मावत, तर फिरत्या चुंबकीय ढोलावर सुमारे ९८ हजार. ॲटलासने सगळ्या मजकुराची ५१२ शब्दांची 'पाने' केली. लागेल ते पान ढोलावरून स्मृतीत आणायचे आणि नको असलेले परत पाठवायचे, हे काम यंत्र स्वतःच करी. काम करणाऱ्याला वाटे, की आपल्याजवळ भरपूर स्मृती आहे. हीच ती आभासी स्मृती. आपल्या लॅपटॉपमध्येही तीच आहे. ढोलाच्या जागी चकती, म्हणजे डिस्क, आली एवढेच.

या सोयीची किंमत लवकरच कळली. एकाच वेळी अनेकांची कामे आत घेतली, की प्रत्येकाला लागणारी पाने स्मृतीत मावेनात. एकाचे पान आणण्यासाठी दुसऱ्याचे बाहेर टाकावे लागे आणि पुढच्याच क्षणी ते दुसरे पुन्हा हवे असे. सारा वेळ ने-आण करण्यात जाई आणि गणन करणारा भाग रिकामा बसून राही. तो रिकामा दिसतो म्हणून आणखी काम आत सोडले, की यंत्र पुरतेच अडकून पडे. पीटर डेनिंग या अमेरिकन संशोधकाने १९६८ मध्ये या अवस्थेची, म्हणजे 'थ्रॅशिंग'ची, कारणमीमांसा केली. प्रत्येक कामाला त्या-त्या वेळी पानांचा एक ठरावीक संच हाताशी लागतो. तेवढी जागा असेल तरच नवे काम आत घ्यावे, हा त्यांच्या विचाराचा गाभा. लॅपटॉप अडला असता आपण एकाच चिन्हावर पुन्हापुन्हा टिचकी मारतो, तेव्हा नेमके याच्या उलट वागत असतो.

आता वेगांचा हिशेब पाहू. १९५६ मध्ये आयबीएमने आणलेल्या पहिल्या चकतीयंत्रात ५० चकत्या मिनिटाला १२०० फेरे घेत. त्यानंतर अर्धे शतक लोटले, तरी लॅपटॉपमधली चकती साधारणतः ५४०० फेरेच घेई. म्हणजे वाढ अवघी साडेचार पट. या काळात गणनाचा वेग मात्र लाखो पटींनी वाढला होता. आज स्मृतीतून माहिती उचलायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या चकतीवरून आणायला सुमारे १० मिलिसेकंद. हा फरक एक लाख पटींचा आहे. समजा, टेबलावरची वही उचलायला गुरुजींना एक सेकंद लागतो. मग चकतीवरची वही यायला २७ तासांहून अधिक वेळ लागेल. न थांबता चालणारा माणूस तेवढ्या वेळात सानगडीहून नागपूरला पोचेल! फिरता भाग नसलेल्या एसएसडीला याच प्रमाणात पाव तासाच्या आसपास लागतो. म्हणूनच चकतीच्या जागी एसएसडी बसवल्यावर जुने यंत्रही पुष्कळदा नव्यासारखे चालते.

तेव्हा यंत्र मोडीत काढण्यापूर्वी ते कशाची वाट पाहते आहे, हे तपासावे. विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या, की टास्क मॅनेजर उघडतो. तेथील तीन आकडे वाचावेत. स्मृती जवळपास भरलेली आणि चकती १०० टक्के गुंतलेली दिसली, तर ते बहुधा डेनिंग यांचेच दुखणे. नको असलेली कामे बंद करावीत, यंत्र सुरू होताच आपोआप उघडणारे प्रोग्रॅम कमी करावेत आणि सोय असल्यास स्मृती वाढवावी. स्मृती मोकळी असून चकतीच गुंतलेली असेल, तर विंडोजचे अद्ययावतीकरण किंवा विषाणूंची तपासणी चालू आहे का ते पाहावे. तसे काही नसेल, तर चकती बिघडत असण्याचा संभव असतो. अशा वेळी आधी माहितीची दुसरी प्रत करून ठेवावी. गणनाचा भाग सतत १०० टक्क्यांजवळ असेल, तर कोणता प्रोग्रॅम तो खातो आहे ते त्याच यादीत दिसते. यंत्र तापलेले असेल, तर पंख्यातील धूळ काढावी, कारण फार तापलेली चिप बचावासाठी आपला वेग आपणच उतरवते. तिन्ही आकडे कमी असूनही एखादे पान उघडत नसेल, तर दोष लॅपटॉपचा नसून बहुधा इंटरनेटचा असतो.

हे निरीक्षण आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून जरूर करवून घ्यावे. एकेक प्रोग्रॅम उघडत जायचे, दर वेळी तिन्ही आकडे वहीत मांडायचे आणि यंत्र कोणत्या टप्प्यावर अडखळते ते आलेखावर शोधायचे. १९६८ मध्ये डेनिंग यांना पडलेला प्रश्न त्यांना शाळेतल्या जुन्या लॅपटॉपवर प्रत्यक्ष पाहायला मिळेल. त्यातून यंत्राचा खरा दोष सापडला, तर नव्या यंत्राचा खर्चही कदाचित वाचेल.