कलकत्त्यातले वकील : दूर बसून केलेल्या कामाची गोष्ट

मागच्या भागात आपण ओडिशातल्या मराठी अमलाबद्दल बोललो होतो. आज आणखी थोडे पुढे, हुगळीच्या काठी कोलकात्याला जायचे आहे. पण सुरुवात घरातल्या गोष्टीने करतो.

माझा मुलगा कोलकात्यात न्यू टाऊनमध्ये राहतो आणि नोकरी करतो पुण्याच्या कंपनीत. सूनबाईंची नोकरी तिथल्या कॉलेजात, म्हणून याने लॅपटॉप उचलला आणि तिकडे गेला. मागच्या वर्षी आम्ही दोघे त्याच्याकडे महिनाभर राहून आलो. जून महिना. अंगावरचा शर्ट दिवसातून तीनदा बदलावा लागायचा. एकदा रात्री जेवताना तो म्हणाला, "बाबा, काम इथून सगळं होतं. पण ठरतं सगळं तिथे. आणि तिथल्यांना वाटतं मी इथला झालो, इथल्यांना वाटतं मी तिथला."

मी फौजेत आयुष्य काढले. दूरच्या चौकीवर बसून मुख्यालयाच्या हुकमाची वाट पाहणे म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मी त्याला म्हटले, "अरे, तू ज्या शहरात बसला आहेस ते शहर वसलंच मुळी दूरच्या मालकाचं काम करणाऱ्यांच्या जिवावर. आणि त्यात आपली माणसंही होती." तो हसला आणि म्हणाला, "मग सांगा की यावर एक भाग." म्हणून हा भाग.

आधी शहराची स्थिती समजून घ्या. अठराव्या शतकातले कलकत्ता म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचे ठाणे. मालक लंडनला, कारभारी इथे. जहाज आफ्रिकेला वळसा घालून यायचे, त्याला पाच-सहा महिने लागायचे. म्हणजे इथून प्रश्न विचारला तर उत्तर यायला वर्ष. तोवर प्रश्न विचारणारा हयात असेलच याची खात्री नाही. पार्क स्ट्रीटचे जुने कब्रस्तान १७६७ साली सुरू झाले. तिथल्या दगडांवरची वये वाचत फिरा, वीस, बावीस, सत्तावीस. दमट हवा आणि ताप यांनी पोरे उचलली. जी जगली त्यांनी लंडनच्या उत्तराची वाट न पाहता निर्णय घ्यायला सुरुवात केली. त्यातला सगळ्यात मोठा माणूस वॉरन हेस्टिंग्ज. मराठ्यांशी युद्ध, बनारसचे प्रकरण, अवधचे प्रकरण, सगळे त्याने आधी केले आणि मग कळवले. त्याचा हिशेब लंडनने १७८८ पासून १७९५ पर्यंत खटला चालवून मागितला. अखेर तो निर्दोष सुटला.

आता आपल्या बाजूला येऊ. बंगालशी आपली ओळख तलवारीने झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालात उतरले. गावे लुटली गेली, जळली. बंगालीत त्या स्वारांना 'बर्गी' म्हणतात, आपला 'बारगीर' शब्द. आजही तिथल्या आया मुलाला झोपवताना बर्गी आल्याचे अंगाईगीत म्हणतात. कलकत्त्याच्या रहिवाशांनी तेव्हा शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो 'मराठा डिच'. सात मैल खणायचा बेत होता, पण मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत आणि काम अर्ध्यावर राहिले. १७५१ साली अलिवर्दीखानाने भोसल्यांशी तह केला. ओडिशा आपल्याकडे आला आणि बंगालची चौथाई म्हणून वर्षाला बारा लाख रुपये ठरले.

पुढे १७६५ मध्ये इंग्रजांनी बंगालची दिवाणी घेतली. वसूल घेतला, पण चौथाई देईनात. म्हणून नागपूरला एक कायमचे काम निघाले. कलकत्त्यात माणूस बसवायचा, त्याने थकलेली चौथाई मागायची, इंग्रजांची नाडी पाहायची आणि खबर द्यायची. हा माणूस म्हणजे वकील. आजच्यासारखा काळ्या कोटातला नव्हे, दरबाराचा प्रतिनिधी.

या वकिलाच्या कामाची कल्पना करा. नागपूर रेल्वेने आज अकराशे किलोमीटरच्या वर आहे. तेव्हा पत्र घेऊन कासीद पायी जायचे, अनेकदा जोडीने, म्हणजे एकाला वाटेत काही झाले तर दुसरा पोहोचावा. पावसाळ्यात नद्या अडवायच्या. पैसा यायचा हुंडीने, तोही उशिरा. मराठी दफ्तरातली वकिलांची पत्रे उघडा, राजकारणाच्या खालोखाल तक्रार खर्चाची असते. हुकूम येईपर्यंत परिस्थिती पालटलेली. मग वकिलाने काय करायचे? जे सुचेल ते, आणि मागाहून पत्र.

हेस्टिंग्जच्या काळात नागपूरचे वकील होते बेनीराम पंडित. मुधोजी भोसल्यांचा हा माणूस हेस्टिंग्जच्या फार जवळचा झाला. हेस्टिंग्जला फारसी उत्तम येत असे, दुभाष्याची गरज नव्हती. मैत्री जमली. पुण्याचे नाना फडणविसांचे वकील लाला सेवकराम हेही त्या काळात कलकत्त्यात होते. म्हणजे एकाच शहरात दोन मराठी दरबारांची दोन माणसे, आणि दोघांच्या मालकांत धड एकमत नाही. हे ध्यानात ठेवा.

पहिले मराठा युद्ध चालू होते. १७७८ मध्ये हेस्टिंग्जने बंगालची फौज थेट जमिनीवरून पश्चिम किनाऱ्याकडे धाडली. लष्करी माणूस म्हणून सांगतो, हे धाडस अफाट होते. वाटेत पुरवठ्याची सोय नाही, मागे परतीची वाट नाही. सेनापती वाटेत वारला, गॉडर्डने सूत्रे घेतली. नर्मदेपाशी त्याला थांबावे लागले, कारण पुढचा मुलूख भोसल्यांच्या मर्जीवर. मुधोजींनी ठरवले असते तर ती फौज तिथेच अडकली असती. पण कलकत्ता आणि नागपूर यांच्यात आधीपासून पत्रे चालू होती, आणि नागपूरने अडवले नाही. जानेवारी १७७९ मध्ये आपण वडगावला मुंबईकर इंग्रजांना गुडघ्यावर आणले, आणि फेब्रुवारीत गॉडर्ड सुरतेला पोहोचला. वडगावचा विजय हाताशी राहिला नाही, याचे एक मोठे कारण हे.

मग नानांनी त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा डाव मांडला. पुणे, हैदर, निजाम आणि नागपूर, चौघांनी एकाच वेळी इंग्रजांवर चालून जायचे. हैदरने कर्नाटकात, नागपूरकरांनी बंगालात. हैदरने आपला शब्द पाळला, सप्टेंबर १७८० मध्ये पोल्लिलूरला त्याने इंग्रजांची तुकडी कापून काढली. बंगालकडे निघाले मुधोजींचे चिरंजीव चिमणाजी, तीस हजार फौज घेऊन. निघाले १७७९ च्या दसऱ्याच्या सुमारास आणि कटकला पोहोचले मे १७८० मध्ये. नागपूर ते कटक सात महिने! फौज इतकी हळू चालते ती दोनच कारणांनी, एक तर रस्ता नसतो नाहीतर मन नसते. इथे मन नव्हते. ही चढाई नाइलाजाची, देखाव्याची आहे, हे मुधोजींनी आधीच कलकत्त्याला कळवून ठेवले होते.

फौजेला खायला लागते. कटकला पैशाची ओढ बसली. हेस्टिंग्जने आधी गुपचूप तीन लाख दिले आणि १७८१ मध्ये तेरा लाखांवर सौदा पुरा केला. एवढेच नव्हे, मद्रासच्या मदतीला निघालेली कर्नल पिअर्सची बंगाली फौज भोसल्यांच्या ओडिशातून सुखरूप दक्षिणेला गेली. ज्या वाटेवर ती अडवायची, त्याच वाटेने. चार बाजूंच्या चढाईची पूर्वेची बाजू एक गोळी न झाडता मिटली.

आता बेनीराम पंडितांचा तो प्रसंग. ऑगस्ट १७८१. हेस्टिंग्ज बनारसला चेतसिंगाकडून पैसा वसूल करायला गेला, बेनीराम त्याच्याबरोबर. सोळा तारखेला शहर उठले, इंग्रजांचे शिपाई आणि अधिकारी मारले गेले. एकवीसच्या रात्री बंगालचा गव्हर्नर जनरल जीव घेऊन चुनारच्या किल्ल्याकडे पळाला. मागाहून बेनीराम आणि त्यांचे भाऊ विश्वंभर पंडित पायी चुनारला गेले आणि म्हणाले, आमच्या बनारसच्या घरी एक लाख रुपये रोख आहेत, ते घ्या. ही हकीकत स्वतः हेस्टिंग्जने कृतज्ञतेने लिहून ठेवली आहे.

मंडळी, मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. हिंदुस्थानातला इंग्रजांचा सगळ्यात मोठा माणूस त्या रात्री उघड्यावर होता. आणि त्याला आधार दिला तो मराठी दरबाराच्या वकिलाने.

बेनीरामांना फितूर म्हणणे सोपे आहे. मीही तरुणपणी म्हटले असते. पण नोकरीत एक गोष्ट शिकलो. दूरच्या चौकीवरचा माणूस बिघडला असे वाटले तर आधी मुख्यालयाचे हुकूम तपासावेत. बेनीराम जे करत होते ते मुधोजींच्या धोरणाविरुद्ध होते का? नव्हते. मालकाचे बोलणे पुण्याला एक आणि कलकत्त्याला एक. नागपूरला पुण्याचा धाक होता आणि निजामाची भीती होती, चौथाईची थकबाकी इंग्रजांकडून हवी होती. अशा मालकाचा वकील कोणाशी मैत्री करणार? वर्षानुवर्षे ज्याच्या शेजारी राहायचे, त्याच्याशीच. वकिलाला परके करणारे अंतर मैलांचे कमी आणि मालकाच्या मनातल्या दुफळीचे जास्त होते.

किंमत मात्र चुकली नाही. १७८२ मध्ये सालबाईचा तह होऊन युद्ध थांबले. ज्या नागपूरने १७८१ मध्ये तेरा लाखांवर हात आवरला, त्याच्याकडून इंग्रजांनी १८०३ मध्ये कटक घेतले आणि त्याच डिसेंबरात देवगावच्या तहाने सगळा कटक प्रांत लिहून घेतला. बावीस वर्षे, फक्त बावीस.

पुढे तार आली, रेल्वे आली. १८६४ पासून तर खुद्द इंग्रज सरकारच उन्हाळा टाळायला कलकत्त्याहून सिमल्याला जाऊ लागले आणि वर्षातले कित्येक महिने डोंगरावरून राज्य चालवू लागले. आजचे तुमचे 'वर्क फ्रॉम होम' नवे नाही ते असे.

पण मला माझ्या मुलाला बेनीरामांच्या गोष्टीवर सोडायचे नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी एक नाव सांगितले, सखाराम गणेश देऊस्कर. घराणे मूळ महाराष्ट्रातल्या देऊस गावचे, जन्म १८६९ मध्ये देवघरजवळच्या करौं गावी. कलकत्त्यात 'हितवादी' पत्रात प्रुफे तपासण्यापासून सुरुवात केली आणि संपादक झाले. १९०४ साली बंगालीत 'देशेर कथा' लिहिले, इंग्रजी राज्याने देश कसा नागवला त्याचा आकड्यांनिशी हिशेब. १९१० मध्ये सरकारने ते जप्त केले. शिवाजी महाराजांवरच्या त्यांच्या पुस्तिकेला रवींद्रनाथांनी कविता दिली. सुरत काँग्रेसनंतर टिळकांविरुद्ध लिहायला सांगितले, तेव्हा देऊस्करांनी संपादकपद सोडले. १९०६ च्या जूनमध्ये त्याच कलकत्त्यात शिवाजी उत्सवाला टिळक आले होते. ज्या शहराने १७४२ मध्ये मराठ्यांच्या भीतीने खंदक खणला, त्याच शहरात! हे बर्गींच्या तलवारीने झाले नसते. तिथली भाषा आपली मानून, तिथल्या माणसांसाठी राबणाऱ्या एका मराठी माणसाचा त्यात मोठा वाटा होता.

मुलगा ऐकून घेत होता. मग म्हणाला, "म्हणजे मी बंगाली शिकू?" मी म्हटले, "शीक. आणि पुण्याला जे बोलतोस तेच इथेही बोल."

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही फोर्ट विल्यमवरून गेलो. मी तिथे दोन वर्षे नोकरी केली आहे. पूर्व कमांडचे मुख्यालय. हेस्टिंग्जच्याच काळात, १७८१ साली पुरा झालेला किल्ला. आता त्याचे नाव विजय दुर्ग आहे, आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून, आणि त्याच्या सेंट जॉर्ज दरवाजाला शिवाजी महाराजांचे नाव आहे. नातवाने विचारले, "आजोबा, इथे मराठे आले होते?"

मी म्हटले, "आले होते रे. काही घोड्यावरून, आणि काही नुसते पत्र लिहायला."

पुढच्या भागात सालबाईच्या तहाकडे नीट पाहू. तोवर, जय हिंद.