कुवेत 1990 : देश गिळंकृत केला, निर्बंध लागले, आणि आपल्या घरांचं काय झालं?

फुलपाड्यात आखाताशी नातं असलेली घरं बरीच आहेत. कुणाचे अब्बा, कुणाचे मामू तिकडे राहून आलेले. तरीही वर्गात ‘आंतरराष्ट्रीय निर्बंध’ हा शब्द आला की मुलं रशियाचं नाव घेतात, कुवेतचं कुणीच घेत नाही. म्हणून हे लिहून ठेवतो आहोत.

2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी फौज कुवेतमध्ये घुसली. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने ‘माघारी जा’ असा ठराव केला. इराक हलला नाही. 6 ऑगस्टला ठराव 661 आला आणि इराकशी व्यापार बंद झाला : तेल घ्यायचं नाही, माल द्यायचा नाही, पैसे पाठवायचे नाहीत. क्युबा आणि येमेन तटस्थ राहिले, बाकी 13 देशांनी होकार दिला. 8 ऑगस्टला इराकने कुवेत आपल्यात सामील केल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी परिषदेने एकमताने हे विलीनीकरण रद्दबातल ठरवलं. पुढे समुद्रात जहाजं अडवण्याची परवानगी मिळाली, सप्टेंबरात विमानांवरही बंदी आली.

निर्बंध म्हणजे युद्ध नव्हे. सनदेच्या 41 व्या कलमाप्रमाणे शस्त्र न उचलता समोरच्याची नाडी आवळण्याचा तो मार्ग आहे. पण नाडी आवळताना त्यात कोण सापडतं? इराक आणि कुवेतमध्ये तेव्हा दीड लाखाहून जास्त भारतीय होते. त्यांत कोकणातले, मुंबईतले कितीतरी मुसलमान. इराकने कुवेती दिनार इराकी दिनाराच्या बरोबरीला आणला, मग चलनातूनच काढला. वर्षानुवर्षांची बचत कागद झाली. माणसं बसने बसरा, बगदाद करत जॉर्डनच्या अम्मानला पोहोचली. तिथून एअर इंडियाने 59 दिवसांत 488 उड्डाणं करून एक लाखाहून अधिक लोक मुंबईला आणले.

जे मागे अडकले त्यांना अन्न पाठवायचं तर तेही निर्बंधात अडकलं. औषधांना सूट होती, अन्नाला मात्र फक्त ‘मानवतावादी परिस्थितीत’. ती परिस्थिती आहे की नाही हे ठरवणार परिषदेची समिती. भारताला परवानगी मागावी लागली आणि सप्टेंबरात ती मिळाली, तेव्हा धान्याचं जहाज निघालं. इकडे तेल महागलं, आखातातून येणारे पैसे आटले. 1991 मध्ये देशाचं सोनं गहाण पडलं त्यामागे हेही एक कारण होतं.

फेब्रुवारी 1991 मध्ये कुवेत मोकळा झाला, पण तो लष्करी कारवाईने, निर्बंधांनी नव्हे. निर्बंध मात्र 2003 पर्यंत राहिले. ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ ही योजना मंजूर झाली 1995 मध्ये आणि सुरू झाली डिसेंबर 1996 मध्ये. मधली वर्षं सद्दामच्या महालात नव्हे, इराकच्या घराघरांत आणि दवाखान्यांत काढली गेली.

मुलं हमखास विचारतात, सर, मग प्रत्येक वेळी असं का होत नाही? 1981 मध्ये इस्रायलने गोलानवर आपला कायदा लादला. परिषदेने ठराव 497 ने तो रद्दबातल ठरवला, पण निर्बंध लावले नाहीत. 2014 मध्ये क्रिमियाच्या वेळी रशियाने स्वतःच नकाराधिकार वापरला, त्यामुळे निर्बंध लागले ते अमेरिका, युरोप अशा देशांनी आपापले, राष्ट्रसंघाचे नव्हेत. आपल्या गोव्याचंही पाहा. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय फौज गोव्यात शिरली तेव्हा माघारीचा ठराव परिषदेत आला होता. 7 मतं बाजूने, 4 विरोधात, आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला. गोव्याला पोर्तुगीज वसाहतीतून सोडवणं आणि कुवेत गिळणं एक नव्हे, असं आमचं मत. पण कागदावर निकाल लागतो तो पाच कायम सदस्यांपैकी कोण कुणाच्या पाठीशी आहे यावर.

एक गोष्ट मात्र कुवेतच्या प्रकरणात वेगळी घडली : नुकसानभरपाई. 1991 मध्ये त्यासाठी आयोग नेमला गेला आणि पैसा इराकच्या तेलातून कापला गेला. कुवेत सोडावं लागलेल्यांनाही दावा करता येत होता. भारतीयांचे अर्ज सरकारमार्फत गेले. ज्यांच्याकडे पगाराची चिठ्ठी, बँकेचं पुस्तक शाबूत होतं त्यांचं काम सोपं झालं. सगळं तिथेच टाकून पळालेल्यांना आपलं नुकसान दाखवताना नाकी नऊ आले. एकूण 52 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम वाटली गेली. शेवटचा हप्ता जानेवारी 2022 मध्ये चुकता झाला, पुढच्याच महिन्यात आयोगाचं काम संपल्याचा ठराव झाला. त्यामुळे ‘कुवेतचा जुना क्लेम काढून देतो’ म्हणत कुणी फी मागायला दारात आलं, तर त्याला चहा पाजा आणि रवाना करा.