उस्मानियाच्या वर्गात मराठवाड्याचे विद्यार्थी (१९१९ ते १९५८)

हैदराबाद संस्थानात मॅट्रिक झालेल्या मुलापुढे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत उच्च शिक्षणाचे मार्ग मोजकेच होते. राजधानीत १८८७ साली स्थापन झालेले निजाम कॉलेज होते. परंतु ते मद्रास विद्यापीठाशी संलग्न असल्याने तेथील माध्यम इंग्रजी होते. ते साधत नसेल तर पुणे, मुंबई किंवा अलीगढ गाठावे लागे. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या तत्कालीन पाच मराठी जिल्ह्यांत एकही महाविद्यालय नव्हते.

ही कोंडी उस्मानिया विद्यापीठाने फोडली. अकबर हैदरी यांच्या निवेदनावरून निजाम मीर उस्मान अली खान यांनी २६ एप्रिल १९१७ रोजी फर्मान काढले. त्याच वर्षी मौलवी अब्दुल हक यांच्या देखरेखीखाली दारुल-तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग सुरू झाला आणि ऑगस्ट १९१९ मध्ये वर्ग भरू लागले. विद्यार्थी होते २२५ आणि माध्यम उर्दू. इंग्रजी हा विषय मात्र सर्वांना सक्तीचा होता, ही गोष्ट उस्मानियाचे टीकाकार आणि प्रशंसक दोघेही सोयीस्करपणे विसरतात.

मराठी लेखनात उस्मानियाचा उल्लेख बहुधा भाषिक जुलमाचे उदाहरण म्हणून येतो, तर उर्दू लेखनात एका सुवर्णकाळाची आठवण म्हणून. दोन्ही मांडण्यांच्या केंद्रस्थानी राज्यकर्ता असतो. बाकावर बसलेल्या मुलाचे काय झाले, हा प्रश्न दोन्हींकडे राहून जातो. संस्थानातील सुमारे एक चतुर्थांश लोक मराठी बोलत, तर उर्दू ही मातृभाषा असलेले सुमारे एक दशांशच होते. तेव्हा नव्या विद्यापीठात दाखल होणाऱ्या बहुसंख्य प्रजेच्या मुलांना ज्ञान परक्या भाषेतच घ्यायचे होते. फरक इतकाच की ती भाषा आता समुद्रापलीकडची नव्हती, बाजारात आणि कचेरीत रोज कानावर पडणारी होती.

मुसलमान विद्यार्थ्याला हे सारे आपोआप सोपे गेले असेल, असे गृहीत धरले जाते. ते तपासून पाहण्यासारखे आहे. परभणी किंवा बीडच्या खेड्यातून आलेला मुसलमान मुलगा घरी दखनी बोलत असे आणि गल्लीत मराठी. त्याच्या दखनीतला ‘नक्को’ आणि शब्दाला जोर देणारा ‘च’ हे दोन्ही मराठीचेच देणे. वर्गात त्याच्यासमोर अर्थशास्त्र येई ते ‘मआशियात’ म्हणून, वनस्पतिशास्त्र ‘नबातियात’ म्हणून आणि मानसशास्त्र ‘नफ्सियात’ म्हणून. हे शब्द त्याच्या आजीने कधी उच्चारले नव्हते. ब्राह्मण वा मराठा सहाध्यायाइतकेच त्यालाही ते पाठ करावे लागत. परिभाषा अरबीच्या साच्यातून घडवावी की उर्दूच्या देशी घडणीतून, यावर भाषांतरकारांतही तीव्र मतभेद होते. वहीदुद्दीन सलीम यांनी ‘वज़-ए-इस्तिलाहात’ (१९२१) या ग्रंथात देशी घटकांचीही बाजू घेतली. पाठ्यपुस्तकांत मात्र अरबीचा वरचष्मा राहिला. सलीम यांचे म्हणणे अधिक मानले गेले असते तर खेड्यातल्या मुलाचे ओझे बरेच हलके झाले असते.

कायद्याच्या परिभाषेत मात्र चित्र काहीसे उलटे दिसते. फिर्याद, वकील, जामीन, हुकूम, दस्तऐवज, कबुलीजबाब हे शब्द मराठीत शतकानुशतके मुरलेले होते. येथे कुळकर्ण्याचा मुलगा मुसलमान शेतकऱ्याच्या मुलाच्या पुढे असणे अगदी शक्य होते, कारण घरातली दप्तराची भाषा त्याच्या मदतीला येई. भाषेची जवळीक धर्मावर जितकी अवलंबून होती, तितकीच घरच्या पेशावर.

रुळण्याचा प्रश्न भाषेपुरता नव्हता. मुसलमान विद्यार्थ्यांना ‘दीनियात’ आणि इतरांना ‘अखलाकियात’, म्हणजे नीतिशास्त्र, असे वेगळे वर्ग असत. १९२३ मध्ये औरंगाबादेत इंटरमीजिएट कॉलेज निघाले आणि मौलवी अब्दुल हक तेथे प्राचार्य झाले. त्यामुळे दोन वर्षे तरी घराजवळ राहता येऊ लागले. पदवीसाठी हैदराबादचे वसतिगृह अटळच होते.

वसतिगृहांतच १९३८ चा स्फोट झाला. प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ गाण्यास बंदी झाली, तेव्हा औरंगाबाद आणि हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी संप केला आणि शेकडोंची नावे पटावरून काढली गेली. नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. उर्दूतून शिकू लागलेल्या या मुलांना शिक्षण अर्धवट असताना नवे गाव आणि नवा अभ्यासक्रम पत्करावा लागला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक. गंमत अशी की उर्दूवरील त्यांचे प्रभुत्व अखेरपर्यंत टिकले.

दहा वर्षांनी पाळी दुसऱ्या बाजूची आली. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर उस्मानियाचे माध्यम उर्दूवरून इंग्रजीवर गेले. उर्दूतून मॅट्रिक झालेला मुलगा आता त्याच इमारतीत, अनेकदा त्याच अध्यापकांसमोर, नव्या भाषेत बसला. त्यातही जो पोहोचला तो भाग्यवान. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तेथील कित्येक मुसलमान घरांतले कर्ते पुरुष गेले होते, नोकऱ्या सुटल्या होत्या. अशा घरात महाविद्यालयाची निवड हा विषयच उरला नाही. या पिढीच्या शैक्षणिक पीछेहाटीची कारणे शोधताना ‘अनास्था’ हा शब्द फार सहज वापरला जातो. १९४८ ची नोंद न घेता तो वापरणे अन्यायाचे आहे.

मराठी मुलांचा हैदराबादशी संबंध लगेच तुटला नाही. नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) शिकायला हैदराबादच्या सिटी कॉलेजात गेले; त्यांचे मामा ना. गो. नांदापूरकर उस्मानियात मराठीचे प्राध्यापक होते. परंतु १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादेत डॉ. आंबेडकरांच्या संस्थेचे मिलिंद महाविद्यालय निघाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि ऑगस्ट १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. हिंदू, बौद्ध विद्यार्थ्यांचा हैदराबादचा रस्ता यानंतर ओस पडत गेला. मुसलमान विद्यार्थ्यांसाठी औरंगाबादेत डॉ. रफीक झकेरिया यांच्या पुढाकाराने मौलाना आझाद कॉलेज उघडले, ते १९६३ मध्ये. उर्दू माध्यमाचे विद्यापीठ हैदराबादेत पुन्हा आले, ते १९९८ मध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाच्या रूपाने. मधल्या पन्नास वर्षांत मराठवाड्यातल्या उर्दू शाळेतून दहावी झालेला मुलगा अकरावीला दुसऱ्याच भाषेच्या वर्गात जाऊन बसत होता.