तळटीप १४ : तुरीच्या बियाण्यावरची काळी पूड

जुने शहरातल्या वाड्यात पेरणीआधी तुरीला चोळलेली ही पूड म्हणजे रायझोबियमचे जिवाणू संवर्धन. मुळांवरच्या गाठींतून वेगळे केलेले जिवाणू यीस्ट-मॅनिटॉलच्या निर्जंतुक द्रावणात वाढवून लिग्नाइटच्या भुकटीत मिसळतात. काळा रंग लिग्नाइटचा. खत नियंत्रण आदेशानुसार अशा भुकटीच्या दर ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत पेशी लागतात. पाकीट उन्हात तापले किंवा मुदत उलटली, की बियाण्याला नुसती भुकटीच लागते. २५० ग्रॅम पूड साधारण १० किलो बियाण्याला पुरते. गूळ पाण्यात उकळून, द्रावण पूर्ण थंड झाल्यावरच त्यात ती कालवावी, टरफल न दुखवता हलक्या हाताने लावावी, बी सावलीत सुकवून लगेच पेरावे. बुरशीनाशक लावायचेच तर आधी. तुरीचे संवर्धन सोयाबीनला चालत नाही, हरभऱ्याचे आणखी निराळे. म्हणून पाकिटावरचे पिकाचे नाव वाचल्याशिवाय ते उचलू नये, हे इथे आवर्जून सांगावेसे वाटते. १९६९ साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र विभाग अशी संवर्धने तयार करतो. मर रोगाविरुद्ध वापरायची ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशीही तिथे मिळते. — संपा.