हिप्परगा ते अंबाजोगाई : मराठवाड्यातील युवक-मार्गदर्शनाच्या परंपरेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा इतिहास लिहिताना सत्याग्रह, सशस्त्र प्रतिकार आणि पोलीस कारवाई या घटनांवर स्वाभाविकपणे भर दिला जातो. या घटनांमध्ये उतरलेले तरुण कोठून आले, त्यांना कोणी घडविले, हा प्रश्न मात्र बहुधा बाजूला राहतो. चळवळीत कार्यकर्ता दिसतो तेव्हा त्याची जडणघडण झालेली असते. ती कोणाच्या तरी सहवासात, एखाद्या शाळेत किंवा वसतिगृहात, काही वर्षांच्या काळात झालेली असते. आज स्वयंसेवी संस्था तरुणांसाठी जे मार्गदर्शनाचे कार्य करतात, त्याचे एक जुने आणि समृद्ध रूप मराठवाड्यात निजामी राजवटीतच अस्तित्वात होते. प्रस्तुत लेखात १९२१ ते १९३८ या काळातील हिप्परगा व अंबाजोगाई येथील कार्याच्या आधारे या परंपरेचे स्वरूप, तिच्या मर्यादा आणि स्वातंत्र्योत्तर काळातील तिचे स्थित्यंतर यांचा विचार केला आहे.

तत्कालीन परिस्थिती :

मराठवाड्याचे जिल्हे हे हैदराबाद संस्थानाचे भाग होते. आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ मध्ये अस्तित्वात आला. संस्थानात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा धाडसी प्रयोग केला, हे मान्य करावे लागते; परंतु मराठी, तेलुगू व कन्नड भाषक विद्यार्थ्यांना त्यासाठी आपली भाषा दाराबाहेर ठेवावी लागे. गश्ती निशाण ५३ या आदेशामुळे सार्वजनिक सभेसाठी पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. खाजगी शाळांवरही निर्बंध होते.

या परिस्थितीचा एक परिणाम विशेष महत्त्वाचा आहे. ब्रिटिश मुलखातील तरुणाला सभा, वृत्तपत्रे आणि पक्षसंघटना यांच्याद्वारे सार्वजनिक जीवनाचे शिक्षण मिळत असे. संस्थानातील तरुणाला हा मार्ग जवळजवळ बंद होता. त्यामुळे येथे सार्वजनिक जीवनाचे शिक्षण शाळा, वाचनालय, गणेशोत्सव आणि वसतिगृह अशा लहान जागांमध्ये आले. सभेतील वक्त्याचे काम येथे शिक्षकाला करावे लागले आणि तेही व्याख्यानाने नव्हे, तर सहवासाने.

हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा :

असहकार चळवळीच्या काळात, १९२१ मध्ये, हिप्परगा (आजचा लोहारा तालुका, जिल्हा धाराशिव) येथे व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय शाळा सुरू झाली. संस्थानाच्या एका कोपऱ्यातील लहान गावी निघालेल्या या शाळेचे महत्त्व तिच्या पटसंख्येवरून ठरविता येणार नाही. शाळेचे गाव लहान असल्याने शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात अंतर राखणे शक्यच नव्हते. ते राखावे असे कोणाला वाटतही नव्हते.

१९२९ मध्ये व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे या शाळेचे मुख्याध्यापक म्हणून आले. त्यांचा जन्म १९०३ मध्ये विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला होता. असहकाराच्या काळात त्यांनी सरकारी शिक्षण सोडले, टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून पदवी घेतली आणि कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासमवेत काम केले. हिप्परगा येथील वास्तव्यातच त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेऊनही त्यांनी शाळा सोडली नाही, ही बाब लक्षणीय आहे. संसार नसलेला हा शिक्षक दिवसाचे सर्व प्रहर विद्यार्थ्यांसाठी उपलब्ध होता. १९३५ मध्ये स्वामीजी आणि त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे हे अंबाजोगाईस (तत्कालीन मोमिनाबाद) आले आणि योगेश्वरी नूतन विद्यालयाच्या कार्यात सहभागी झाले.

याच सुमारास ब्रिटिश मुलखात साने गुरुजींचा असाच प्रयोग होऊन गेला होता. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ पासून १९३० पर्यंत ते शिक्षक होते. तेथील छात्रालयाची जबाबदारी सांभाळताना ते मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. पुढे ४ जून १९४१ रोजी राष्ट्र सेवा दलाची स्थापना झाली, तेव्हा गुरुजी हे त्या संघटनेचे प्रेरणास्थान ठरले. दोन भिन्न राजवटींत, दोन भिन्न प्रकृतींच्या शिक्षकांनी वसतिगृहाच्या छायेत एकाच प्रकारचे काम केले, असे म्हणता येईल.

मार्गदर्शनाचे स्वरूप :

या कार्याची तीन वैशिष्ट्ये दिसतात. पहिले, दीर्घ सहवास. मार्गदर्शक आणि तरुण यांची भेट तासापुरती नव्हती. त्यांचे दैनंदिन जीवन एकमेकांत मिसळलेले होते. दुसरे, आचरणाचा प्रत्यक्ष पुरावा. शिक्षक स्वतः साधेपणाने राहत असल्याने त्याला त्यागाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नसे. तिसरे वैशिष्ट्य सर्वांत महत्त्वाचे होय, ते म्हणजे जबाबदारीचे हस्तांतरण. मार्गदर्शक योग्य वेळी तरुणाला स्वतःच्या निर्णयावर सोडत असे.

या तिसऱ्या वैशिष्ट्याची कसोटी १९३८ मध्ये लागली. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे आणि दुसरे १९३८ मध्ये लातूर येथे भरले. स्वामीजी शाळेतून पूर्णपणे सार्वजनिक कार्यात आले. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली, ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस वंदे मातरम् आंदोलन पेटले. औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात हे गीत म्हणण्याचा आग्रह धरला, त्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. औरंगाबादेत शिक्षक असलेल्या गोविंदभाई श्रॉफ यांच्याभोवती तरुणांचे असेच अभ्यासमंडळ जमले होते. नेते कारागृहात असताना विद्यार्थ्यांनी चळवळ चालविली, याचा अर्थ मार्गदर्शन सफल झाले होते. मार्गदर्शकाच्या अनुपस्थितीत जे टिकते, तेच त्याच्या कार्याचे खरे मोजमाप होय.

परंपरेच्या मर्यादा :

या परंपरेचा गौरव करताना तिची मर्यादा झाकणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने उचित ठरणार नाही. राष्ट्रीय शाळांचा आशय राष्ट्रव्यापी होता. पण त्यांच्या दारापर्यंत पोहोचू शकणारा विद्यार्थिवर्ग प्रामुख्याने उच्चवर्णीय व सुस्थित घरांतील होता. शेतमजुराच्या किंवा दलित कुटुंबातील मुलाला शिक्षकाच्या सहवासात सहा वर्षे काढणे परवडणारे नव्हते. मुलींचा तर या चौकटीत फारसा विचारच झाला नाही.

म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे सुरू केलेले महाविद्यालय, म्हणजेच मिलिंद महाविद्यालय, हे या इतिहासातील स्वतंत्र पर्व ठरते. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या काळात या महाविद्यालयाने आणि त्याच्या वसतिगृहाने ज्यांच्या घरात पूर्वी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते अशा तरुणांना आधार दिला. तेथे शिकविणाऱ्या गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने पुढे नवोदित दलित लेखकांच्या एका पिढीला हात दिला. हिप्परग्याच्या परंपरेत जे राहून गेले होते, ते येथे घडले.

स्वातंत्र्योत्तर स्थित्यंतर :

१७ सप्टेंबर १९४८ नंतर ही प्रेरणा संस्थांच्या उभारणीत उतरली. स्वामीजींच्या प्रेरणेने १९५० मध्ये नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले. तेथील प्राध्यापक व नंतरचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांनी १९८२ मधील आपल्या निधनापर्यंत वर्गाबाहेरील चर्चेतून अनेक तरुणांना विचार करण्यास प्रवृत्त केले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्ग परिसरात ‘आपलं घर’ उभे केले. निराधार मुलांना नुसता निवारा न देता मोठ्या माणसांचा सहवास द्यावा, ही त्यामागील दृष्टी हिप्परग्याशी नाते सांगणारी होती. भूगोलाच्या दृष्टीनेही हा परिसर हिप्परग्यापासून फार दूर नाही.

मात्र याच काळात दुसरा प्रवाहही बलवान झाला. १९९० च्या दशकात गुणवत्ता यादीतील यशामुळे ‘लातूर पॅटर्न’ सर्वत्र गाजला. ग्रामीण मुलांना वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणाची दारे उघडून देण्याचे श्रेय त्याला निश्चितच द्यावे लागेल. परंतु त्यातून मार्गदर्शन या शब्दाचा अर्थच पालटला. मार्गदर्शन म्हणजे परीक्षेची तयारी आणि मार्गदर्शक म्हणजे शुल्क घेणारा शिकवणीवर्ग, असे समीकरण रूढ झाले. ज्याला शुल्क परवडत नाही, तो पुन्हा दाराबाहेरच राहिला.

महाविद्यालयांत १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे. मूल्यांकनाच्या निमित्ताने शिक्षक-पालक योजनाही आली आहे. तथापि चाकूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी, जेथे विद्यार्थी आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येतो आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून लवकर परततो, तेथे सहवासाला वेळच उरत नाही. नोंदवहीत विद्यार्थ्याचे नाव असते. त्याच्या घरची स्थिती, शेतीतील नापिकी, मनातील घालमेल यांची नोंद होतेच असे नाही.

निष्कर्ष :

१. संस्थानातील राजकीय निर्बंधांमुळे मराठवाड्यात युवक-मार्गदर्शनाने शाळा व वसतिगृह यांतील दीर्घ सहवासाचे रूप घेतले.

२. या कार्याचे यश व्याख्यानांच्या संख्येत नसून, १९३८ मध्ये विद्यार्थ्यांनी स्वबळावर घेतलेल्या निर्णयांत दिसते.

३. ही परंपरा सर्वसमावेशक नव्हती. तिची उणीव मिलिंद महाविद्यालयासारख्या स्वतंत्र प्रयत्नांनी काही अंशी भरून काढली.

४. आजच्या योजनांना या इतिहासापासून शिकावयाचे असेल, तर मार्गदर्शकाकडे विद्यार्थी थोडे आणि वेळ पुरेसा असावा लागेल. तसेच खेड्यातून ये-जा करणाऱ्या मुला-मुलींना विनाशुल्क सामावून घ्यावे लागेल.

चाकूरचे महाविद्यालयीन क्षेत्र ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येते, त्याला स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव आहे. विद्यापीठ स्थापन झाले ते १९९४ मध्ये. ज्याचे नाव त्याला दिले, तो मनुष्य मात्र प्रथम एका लहान गावातील शाळामास्तर होता. पदवी प्रमाणपत्रावर हे नाव दरवर्षी हजारो तरुणांच्या हाती पडते. त्या नावामागचा शिक्षक त्यांच्यापैकी किती जणांना भेटतो, या प्रश्नाचे उत्तर आपणा शिक्षकांनाच द्यावयाचे आहे.